आबांविषयी, सगळंच

आंजर्ले,
24 मे 2025

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा अंगणात माणसं होती, धड बोलताच आलं नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. काल आबा आजोबांचं तेरावं झालं, पाहुणे पहाटेच्या गाडीने गेले. यंदा पाऊस मे संपायच्या आतच आलाय. पडवीत ओल चढली म्हणून आबांची खुर्ची कोणीतरी उचलून माजघरात ठेवली होती. ती मी परत तिच्या जागी आणून ठेवली.

या तेरा दिवसांत जो आला तो म्हणाला, देवमाणूस गेला. मला ते ऐकवेना. देवमाणूस नव्हते रे आबा. तू तर त्यांचा ओरडा खाल्लेला. बारावीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होतास आणि शिडीवर चढून पहिलाच आंबा देठ मोडून काढलास. चीक फळावर ओघळला आणि खालून आबा असे गरजले की तू फांदीला मिठी मारलीस. ‘मेल्या, देठ दोन बोटं ठेवायचा! चीक लागलेलं फळ काळं पडतं, बाजारात कोण घेणार ते?’ रात्री तुझ्या हनुवटीवर चिकाने भाजल्यासारखं झालं, तेव्हा कंदील जवळ ओढून खोबरेल लावत बसलेही तेच. मला हे दोन्ही आबा हवेत. एकाला वगळून दुसऱ्याचं कौतुक करता येत नाही मला.

आबा 1942 सालचे. अठराव्या वर्षी हर्णैहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, वीस-बावीस वर्षं काढली. साच्यांच्या आवाजाने डाव्या कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून ते मोठ्याने बोलत. अर्धं गाव त्यांना भांडखोर समजायचं त्याचं एक कारण हेही असणार. (उरलेलं अर्धं कारण मात्र खरंच भांडणाचं. बांधावरून सख्ख्या भावाशी दावा लढवला, आणि दोघं म्हातारे झाले तरी तो मिटला नाही.)

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आबांनी वर्षभर वाट पाहिली, मग चाळिशीत तीन पोरं आणि एक ट्रंक घेऊन गावी आले. आमच्या वाट्याला सड्यावरचा कातळ होता. गुरंही धड चरत नसत तिथे. त्यांनी ठरवलं, इथे हापूस लावायचा. लोक हसले. आबांनी जांभ्यात सुरुंग लावून खड्डे फोडले, खालच्या शेतातली माती डोक्यावरून वर नेऊन भरली, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून साठ कलमं आणली. पहिली तीन वर्षं पावसाळा सोडून प्रत्येक कलमाला हंड्याने पाणी. बाबा सांगतात, आम्ही शाळेत जायच्या आधी दोन खेपा करायचो, आणि त्या खेपांवरूनही मार खायचो.

पण पैसे कुठून आले, हे तेराव्याला कोणीच काढलं नाही. आजीच्या पाटल्यांतून आले. आबांनी विचारलं नाही. डब्यातून काढल्या आणि गहाण टाकल्या. आजीला कळलं ते गौरीच्या सणाला, डबा उघडल्यावर. आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढत राहिली. कलमं धरू लागल्यावर आबांनी पाटल्या सोडवल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या. ‘चुकलं’ हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही. आजीने त्या पुन्हा कधी हातात चढवल्या नाहीत.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. 1994 ला आत्याने जातीबाहेर लग्न केलं. आबांनी अकरा वर्षं तिला दारात उभं केलं नाही. तिच्या मुलीच्या बारशालाही नाही. आजीने त्या पाटल्या बाबांच्या हाती गुपचूप तिला मुंबईला धाडल्या. आबांना ते माहीत होतं. 2005 ला आजीने अंथरूण धरलं तेव्हा आत्या न विचारता आली. सगळं घर श्वास रोखून उभं. आबांनी स्वतः चूल पेटवली, आधण ठेवलं, आणि तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, ‘चहात साखर किती घेतेस आता?’ आत्या म्हणाली, ‘एकच चमचा.’ बस. माफी नाही, रडारड नाही. त्यानंतर वीस वर्षं ते दर शनिवारी तिला फोन करत होते. दहाव्याला ती मला म्हणाली, ‘अकरा वर्षं फुकट घालवली त्यांनी. माझीही आणि स्वतःचीही.’ आणि हुंदके देऊन रडली. तिने त्यांना माफ केलंय. त्या अकरा वर्षांपुरतं मला ते अजून जमलेलं नाही, आणि तरी त्यांच्याइतकं मी कोणावर प्रेम केलेलं नाही.

निसर्ग वादळाचं तुला अर्धंच सांगितलं होतं. 3 जून 2020. आबा 78 वर्षांचे. कौलं उडायला लागली तशी त्यांनी घरातल्या सगळ्यांना माजघरात कोंडलं, दाराला गुरांचं दावं बांधलं आणि ते हाताला गुंडाळून चार तास बसले. वळ महिनाभर गेले नव्हते. टाळेबंदीतून पास काढून मी पोचलो तेव्हा गावात वीज नव्हती, फोन नव्हता. आगरात पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. पंचनाम्याला आलेल्या माणसाने हेक्टरात लिहायला घेतलं. आमचं आगर अकरा गुंठ्यांचं! आबांनी त्याचं मनगट धरलं आणि बुंध्यामागून बुंध्यावर नेलं. ‘हा मोज. आता हा मोज.’ 143 पोफळी. तो बिचारा चिखलात पडला, तर त्याला उठवून चहा पाजला आणि पुन्हा मोजायला लावलं. संध्याकाळी कोयता धुताना मला म्हणाले, ‘रोपं कुठे मिळतील बघ.’

आणि शिमगा! पंचाहत्तरीतही पालखी खांद्यावर घेतल्याशिवाय राहिले नाहीत. डॉक्टरने नको म्हटल्यावर ढोल मागितला.

शेवटच्या दिवशी सकाळी ते कलमाखाली खुर्ची टाकून बसले होते. गड्याला वरच्या फांदीचं फळ दाखवलं, ‘ते राहू दे, कच्चं आहे’ म्हणाले, आणि मान कलली. मी शेजारीच पेटीत पेंढा घालत होतो.

तो आंबा परवा उतरवला. आता अढीत आहे, आठवड्यात पिकेल. तो घरीच राहील, आत्यासाठी. तुझ्यासाठी वेगळी पेटी सोमवारी दापोली-पुणे गाडीने धाडतोय, स्वारगेटला उतरवून घे. वहिनींना सांग, पेंढ्यातून लगेच काढू नका. देठ मी एकेक तपासलेत.

तुझा,
मी