कॅमेरा सुटला तर जाणार कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या आत कॅमेरा बसवायला घरच्या घरी माउंट कसा करायचा यावर अर्धं पान आलं होतं. लेख वाचायला मजा आली, मी स्वतः असले उद्योग करणाऱ्यातला आहे त्यामुळे जुगाडाला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण त्यासोबतचा फोटो बघून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. फोटोत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर डबल टेपने एक अँगल चिकटवलाय आणि त्यावर कॅमेरा. नीट बघा, अँगलच्या अगदी बाजूला एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली दिसतायत. म्हणजे माउंट थेट एअरबॅगच्या झाकणावर! एअरबॅग उघडते ती सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात, पापणी लवायच्या आत, आणि त्या झाकणावर जे काही असेल ते शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येणार. लेखात याबद्दल एक ओळ नाही. सगळा लेख कॅमेरा पक्का कसा बसेल यावर आहे, सुटला तर जाणार कुठे हे कुणी विचारतच नाही.

हे मला सुचलं ते काही हुशारीमुळे नाही, फजिती झाली म्हणून. बायको गाडी शिकत होती आणि तिचं म्हणणं की मी शेजारी बसून नुसता ओरडतो, नेमकं काय चुकलं ते कळत नाही, तर रेकॉर्ड करून दाखवा. मी लगेच काचेवर सक्शन कप लावला, त्याला हातभर लांब दांडी जोडली आणि टोकाला कॅमेरा. मोकळं मैदान होतं, गाडी फर्स्ट गिअरला, एक खड्डा आला आणि कप टक्कन सुटला, कॅमेरा तिच्या मांडीवरून खाली पायाशी. आणि मग ती एकदम शांत आवाजात म्हणाली, "अहो, ब्रेक दाबला जात नाहीये." कॅमेरा ब्रेकच्या पेडलमागे जाऊन अडकला होता. मी हँडब्रेक ओढला, गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. पण हेच जर रस्त्यावर पन्नासच्या स्पीडला झालं असतं तर, हा विचार अजून मधूनच येतो.

बरं, कप काही फालतू नव्हता. हिशोब केला तर ८ सेंटिमीटर व्यासाच्या कपावर हवेचा दाब जवळजवळ ५० किलो भरतो, मग अर्ध्या किलोचा कॅमेरा पडलाच कसा? तर तो ५० किलो म्हणजे कप सरळ ओढला तर, आणि आत पूर्ण निर्वात असेल तर. लांब दांडी लावली की ती कपाची एक कड उचकटत राहते, उन्हाने रबर मऊ पडतं, कडेने हळूहळू हवा शिरते आणि वरून बघताना सगळं छान चिकटलेलं दिसतं. दांडीचं तर विचारूच नका. त्याच दांडीची लांबी दुप्पट केली की टोक खाली वाकतं ते दुप्पट नाही, आठपट! म्हणून तर व्हिडिओ जेलीसारखा थरथरतो, आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

आता मी काय केलं ते सांगतो. काच नको, डॅशबोर्ड नको, शेजारच्या सीटच्या हेडरेस्टला ज्या दोन लोखंडी दांड्या असतात त्या पकडायच्या. एकतर लोखंड, त्यात दोन दांड्या त्यामुळे माउंट गोल फिरत नाही. माझ्या गाडीत त्या १२ मिलिमीटरच्या निघाल्या, तुमच्या मोजूनच घ्या. प्लायवूडच्या दोन पट्ट्या घेतल्या, समोरासमोर धरून दोघींना अर्धगोल खाचा पाडल्या, खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दांड्या मध्ये घेऊन दोन बोल्टने आवळल्या. ट्यूब विसरू नका, ती नसली तर लाकूड कितीही आवळा, खड्ड्यागणिक घसरतंच. नट आत नायलॉनची रिंग असलेला घ्यायचा, साधा नट गाडीच्या थरथरीने आठवड्यात ढिला होतो. आणि एक महत्त्वाचं, हेडरेस्ट आधी बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावायचा आणि खाली जेवढी दांडी उघडी राहील तेवढ्यात पट्ट्या बसवायच्या. पट्ट्यांना जागा करायला हेडरेस्ट वर ओढायचा नाही, मागून कुणी ठोकलं तर मान सांभाळायला तोच आहे. पट्ट्यांचं एक टोक दोन सीटच्या मधल्या फटीकडे थोडं बाहेर काढलं, कॅमेरा तिथे. तिथून स्टिअरिंग, हात, गिअर आणि समोरचा रस्ता सगळं एका फ्रेममध्ये येतं, ड्रायव्हरच्या नजरेच्या आडही येत नाही.

कॅमेऱ्याच्या बोल्टबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथे मी एक कॅमेरा जवळजवळ घालवलाच होता. कॅमेऱ्याखालचं भोक पाव इंचाचं असतं, इंचाला २० आटे. घरात असतो तो ६ मिलिमीटरचा बोल्ट. दिसायला सारखाच, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पण आट्यांमधलं अंतर वेगळं, बोल्टचं १ मिलिमीटर, भोकाचं १.२७. हा बोल्ट आधी ढिला ढिला आत जातो, दोन फेऱ्या झाल्या की घट्ट होतो आणि आपल्याला वाटतं वा बसला! बसला कसला, आटे खातोय. शिवाय ते भोक खोल असतं जेमतेम ५ मिलिमीटर, लांब बोल्ट पान्याने आवळला तर तळ फोडून आत घुसेल. वॉशर घालून लांबी कमी करा आणि शेवटची फेरी हातानेच.

भाच्याने मला थ्रीडी प्रिंटरवर एक सुंदर ब्रॅकेट काढून दिला होता, पीएलए प्लास्टिकचा. ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. संध्याकाळी बघतो तर ब्रॅकेटने मान टाकलेली. डबल टेपचंही तेच, उन्हात सुटते आणि डाग मात्र कायमचा ठेवून जाते.

आणि सगळं करून झाल्यावर दोरी. कॅमेऱ्याला वेगळी मजबूत नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक थेट हेडरेस्टच्या दांडीला, माउंटला नाही, आणि लांबी एवढीच की कॅमेरा सुटला तरी पेडलपर्यंत किंवा कुणाच्या तोंडापर्यंत पोचणार नाही. साधा हिशोब बघा, गाडी ताशी ५४ किलोमीटरने चाललीये म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ती आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर वजनाच्या पंधरापट जोर येतो. ६०० ग्रॅमचा कॅमेरा ९ किलोचा होतो. म्हणून पट्ट्यांचे कोपरेही मी पॉलिशपेपरने गोल केलेत आणि माउंट लावलेला असेल त्या दिवशी त्याच्या मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही असा घरात नियम केलाय. काम झालं की माउंट काढून डिकीत.

जाता जाता, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राची थरथर आपोआप कमी करणारी सोय, बंद ठेवा. गाडी वळली की त्याला वाटतं कॅमेरा हलला, मग ते चित्र उलटं सरकवतं आणि बघणाऱ्याला सीट आणि स्टिअरिंग पाण्यात डोलतायत असं दिसतं. मी याच्यामागे आठवडाभर माउंट आवळत बसलो होतो. बायकोने रेकॉर्डिंग दोनदा बघितलं आणि विचारलं, यात तुमचा आवाज बंद करता येतो का!

तर विनंती एवढीच, येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा, की तो फोटोतला माउंट तसा लावू नये, आणि एअरबॅग फक्त समोर नसते, बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेला आणि सीटच्या बाजूलाही असते, तेव्हा गाडीचं मॅन्युअल उघडून त्या जागा आधी बघून घ्याव्यात. फोटो परत छापलात तरी चालेल, पण त्यावर मोठी फुली मारून.

आपला,
एक नियमित वाचक