गाय खाते, पण अंगी लागत नाही

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : दुभत्या गायींमधील जोन्स रोग

सा. न. वि. वि.

माझी हरणी खात होती, हे आधी सांगते. मुरघास, घास, सरकी पेंड, गव्हाण चाटूनपुसून साफ. तरी तिसऱ्या वेतानंतर कणा वर आला, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले. ताप नाही. शेण मात्र पिचकारीसारखं. जंताचं औषध झालं, हगवणीच्या गोळ्या झाल्या. चार दिवस शेण बांधायचं, पुन्हा तेच. शेवटी जबड्याखाली पाणी उतरलं, तेव्हा कुठे रक्त तपासायला गेलं. जोन्स रोग. महिन्याभरात गेली. डॉक्टरांनी पोट उघडून आतडं दाखवलं : जाड, सुरकुत्या पडलेलं, ओल्या गोधडीची घडी असावी तसं.

हा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. 1895 साली जर्मनीत योने नावाच्या शास्त्रज्ञानं (रोगाचं नाव त्याच्यावरूनच) तो अशाच एका गायीच्या आतड्यात पाहिला. हरणीला तो यंदा झालेला नव्हता. वासरू असतानाच शेणानं बरबटलेल्या सडातून किंवा चिकातून पोटात जातो आणि दोन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, गप्प बसतो. बसतो कुठे, तर जंतू गिळायला आलेल्या पेशींच्याच पोटात. त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. सुरुवातीला शरीर नेटानं लढतं. टी-पेशी, म्हणजे लढाऊ पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात, त्यानं गिळणाऱ्या पेशींना बळ येतं, आणि कित्येक गायी असा रोग वर्षानुवर्षं दाबून ठेवतात. काहींची ही फळी पुढे ढासळते आणि रक्तात अँटिबॉडी वाढतात. अँटिबॉडी म्हणजे संरक्षण असंच मी समजत होते. इथे त्यांचा उपयोग नाही : चोर माजघरात, राखण ओसरीवर. जंतू शेणातून पडत राहतो, आतडं सुजत जातं, खाल्लेलं अंगी लागत नाही. उलट रक्तातली प्रथिनं आतड्यातून गळतात. जबड्याखालचं पाणी त्याचंच.

नेहमीची एलायझा चाचणी याच अँटिबॉडी शोधते. म्हणजे कागदावर पॉझिटिव्ह येईतो गायीनं गोठा बाटवलेला असतो. त्वचेत जोनिन, म्हणजे याच जंतूपासून काढलेलं प्रथिन, टोचून किंवा इंटरफेरॉन गॅमा मोजून लवकर सुगावा लागू शकतो, पण त्याही चाचण्या कधी चकवतात. म्हणून एकदा रक्त काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. डेन्मार्कनं 2006 पासून दुधाच्या नमुन्यावर वर्षातून अनेकदा चाचणी सुरू केली. संशयित गायीचा चीक वासरांना पाजायचा नाही, तिला वेगळं विऊ द्यायचं. आमच्या संकलन केंद्रावर फॅट रोज मोजतात. प्रत्येक गायीची एक वेगळी बाटली वर्षातून तीन-चारदा घ्यायला काय हरकत आहे?

आता कबुली देते. हरणी जन्मली तेव्हा तिच्या आईला चीक कमी होता. शेजारच्या दावणीच्या गायीचा मीच पाजला. ती गायही खाऊन वाळत होती. पुढे आम्ही ती बाजारात विकली. व्यापाऱ्यानं एवढंच विचारलं, दूध किती? ती कुणाच्या गोठ्यात गेली, मला माहीत नाही.

2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण पॉझिटिव्ह गाय ठेवायची तर वेगळा गोठा, वेगळं पाणी, वेगळी बादली, आणि दूध निम्म्यावर. नाही परवडली की तिला बाजार दाखवतात. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत हा रोग आहे. 2022 मध्ये लम्पीनं मेलेल्या दुभत्या गायीला तुमच्याच खात्यानं तीस हजार दिले. जोन्सची गाय मरायच्या आधी, ती न विकता सांभाळणाऱ्याला थोडा आधार द्या. बाजारात चाचणीचा कागद मागा. लशीनं शेणातला जंतू कमी होतो, पण लागण पूर्ण थांबत नाही आणि क्षयाची चाचणी गोंधळते. तेव्हा एवढ्यावर काम झालं असं समजू नका.

हरणीची कालवड अकरा महिन्यांची आहे. वेगळी बांधलीय. रक्त निगेटिव्ह आलंय. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान वयात त्याला अर्थ नाही, पहिल्या वेतानंतर पुन्हा बघू. तोवर व्यापारी दोनदा येऊन गेला.

आपली,
एक दूध उत्पादक
ता. सिन्नर, जि. नाशिक