गेटवरून विधानसभेकडे जाणारी वाट: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं काम केलं. त्यातली अकरा वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो. आता निवृत्त आहे, कुठल्याही पक्षात नाही. एक गोष्ट बरेच दिवस मनाला लागून राहिली आहे, ती तुमच्या कानावर घालतो. चाळीस आमदारांच्या आपल्या सभागृहात कारखान्याच्या गेटवर उभं राहून, युनियनचं काम करत वर आलेला माणूस आता फारसा दिसत नाही. वकील आहेत, डॉक्टर आहेत, व्यावसायिक तर पुष्कळच. पगाराच्या स्लिपवरची कपात बोटानं मोजत ज्याचा महिना गेला, असा कोण?

आमच्या पिढीनं अशी माणसं पाहिली. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून मुंबईला आले तेव्हा चौपाटीवर झोपून त्यांनी रात्री काढल्या. गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांच्याकडे ते युनियनचं काम शिकले, टॅक्सीवाल्यांना एकत्र आणलं, १९६१ साली मुंबईचे नगरसेवक झाले आणि १९६७ मध्ये काँग्रेसचे मातब्बर नेते स. का. पाटील यांना हरवून लोकसभेत गेले. मे १९७४ चा रेल्वे संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात हजारो कामगार तुरुंगात गेले. पुढे डिसेंबर १९८९ मध्ये हाच माणूस रेल्वेमंत्री झाला आणि १९९० साली त्यांच्याच कारकिर्दीत कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. आज पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपल्या गावांतून गाडी जाते, त्यामागे ती कारकीर्द आहे. नंतर त्यांनी ज्या आघाड्या केल्या त्या मला पटल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. पण रूळ ठोकणाऱ्याची बाजू ठाऊक असलेला माणूस त्या खुर्चीत बसला होता, याचं मोल मी कमी मानत नाही. आपल्या गोव्यातही मुक्तिलढ्यातून आलेल्या कॉम्रेड जॉर्ज वाझ यांच्यासारख्यांनी कामगारांना संघटित केलं. गोव्यातल्या कामगाराला ताठ मानेनं बोलायला अशा माणसांनी शिकवलं.

असा माणूस घडतो कुठे, ते मी जवळून पाहिलं आहे. आमची युनियन झाली ती म्हार्दोळला, एका वेल्डरच्या ओसरीवर. नोंदणीच्या अर्जाला निदान सात सह्या लागतात. सहा झाल्या. सातवी त्या वेल्डरची स्वतःची होती. बायकोचे दिवस भरत आलेले, तो पेन हातात धरून नुसता बसून राहिला. कार्बन कागद वाऱ्यानं उडत होता, तो मी अंगठ्यानं दाबून धरला होता. त्याची आई चहा घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सही कर पुता. पेज पिऊन दिवस काढू." त्यानं सही केली. पाच महिन्यांत व्यवस्थापनानं त्याच्यावर कामात हयगय केल्याचा ठपका ठेवला आणि त्याला घरी बसवलं. दोन वर्षं आम्ही तारखांना जात राहिलो. दर पगाराला पावती पुस्तक घेऊन फिरायचं, जमेल तो चंदा त्याच्या घरी पोचवायचा. शेवटी तो मागच्या पगारासह कामावर परतला. गेट मीटिंगमध्ये ज्याच्या तोंडून दोन वाक्यं निघत नव्हती, तो ग्रामसभेत हिशेब मागू लागला आणि लोकांनी त्याला ग्रामपंचायतीवर पंच म्हणून निवडून दिलं. गावच्या नळाच्या पाण्यासाठी तो ज्या चिकाटीनं भांडला, ती त्या दोन वर्षांनीच त्याला दिली होती.

आज त्याच गेटवर जाऊन बघा. आत जाणाऱ्यांत कितीतरी जण कंत्राटी. गळ्यातल्या पासावर कारखान्याचं नाव नाही, ठेकेदाराचं आहे. ठराविक महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, ठेकेदार बदलतो, पास नवा होतो, कामाची वर्षं मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजायची. या मुलांपैकी सातवी सही कोण करणार? त्याला बडतर्फ करण्याचीही गरज नाही. पुढच्या सोमवारी त्याचा पास मशीनवर चालत नाही, एवढंच.

मला यात आपला जुना मुंडकार दिसतो, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. घर त्यानं बांधलं, माड त्यानं शिंपले, पण जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, आणि भाटकाराच्या एका शब्दावर चूल बाहेर. भाटकारासमोर तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आले, कारण बहुजन समाजाची माणसं विधानसभेत पोचली होती आणि ही भीती काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. घराला संरक्षण मिळालं, मग माणूस बोलू लागला. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हे अजून व्हायचं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता पन्नास किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतात. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही मर्यादा वीस होती. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून आहे. आपल्या वसाहतींतली बरीचशी युनिट्स लहान, तेव्हा यात काय निसटतं ते तुम्हीच ताडून बघा. संहिता दिल्लीच्या असल्या तरी कामगार हा विषय राज्याचाही आहे. राज्याचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी तुमच्या खात्याकडे आहे.

म्हणून मागतो ते एवढंच. ठेकेदार बदलला तरी तीच माणसं कामावर राहतील आणि त्यांची सेवा मोजली जाईल, अशी अट सरकारी खाती आणि महामंडळांच्या निविदांत घाला. सुरुवात सरकारनं स्वतःच्या घरापासून करावी. आणि युनियनच्या अर्जावर ज्याची सही आहे त्याचा पास तो अर्ज निकाली निघण्याआधीच बंद झाला, तर तुमच्या अधिकाऱ्यानं त्याच आठवड्यात ठेकेदार आणि मुख्य मालक दोघांनाही समोर बोलवावं. वर्षभरानं लागलेल्या तारखेपर्यंत तो मुलगा भाड्याची खोली सोडून गेलेला असतो.

तुमच्याकडे निवेदनं पुष्कळ येत असतील. हे त्यांत ठेवण्याआधी एकदा कुंडईला या, गाड्यांचा ताफा न आणता. पहिली पाळी तीन वाजता सुटते. तो वेल्डर आणि मी, दोघेही गेटवर थांबू.

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातला एक निवृत्त कामगार