क्रीडामंत्री महोदय, आमच्या बोटीवर भाताची पातेली ठेवली होती

मा. क्रीडामंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आमच्या धरणावर जलपर्यटन महोत्सवाचं उद्घाटन झालं. आपण प्रमुख पाहुणे होतात. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्यापासून वॉचमन मला गेटच्या आत सोडायचा नाही.

आपल्या जेवणाची व्यवस्था आमच्या बोटींच्या शेडमध्ये होती, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. आदल्या रात्री मांडववाल्यांनी शेड रिकामी केली. आम्हाला फोन नाही, निरोप नाही. सोमवारी पहाटे सरावाला गेले, तर माझी सिंगल स्कल (रोइंगची, एकट्यानं दोन वल्ह्यांनी चालवायची बोट) बाहेर वाळूच्या पोत्यांवर पालथी पडलेली, आणि तिच्या पाठीवर पातेल्यांच्या बुडाचे दोन काळे गोल. एका बाजूचा रिगर, म्हणजे वल्हं अडकवायचा बाहेरचा दांडा, वाकलेला. सीटच्या खालच्या भागात वीतभर तडा. कार्बनच्या चांगल्या बोटीवर टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. तिथे बद्द वाजतं. म्हणजे आतला थरही सुटलाय.

तिथल्या जबाबदार माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "फायबरचीच आहे ना? एमसील लावा."

महोदय, ही बोट आठ मीटर लांब असते, वजनाला चौदा किलोच्या आसपास, आणि पाण्याला टेकते तिथे जेमतेम सव्वा वीत रुंद. कणभर ओलावा आत गेला तरी ती एका अंगाला झुकते, आणि दोन हजार मीटरच्या शर्यतीत तेवढं झुकणं म्हणजे कितीतरी सेकंद. परदेशी बनावटीची नवी बोट आयात शुल्क धरून दहा लाखांच्या पुढे जाते. माझे वडील कांदा लावतात. लासलगावचा भाव तुमच्या मंत्रिमंडळाला माहीत असेलच, निर्यातबंदी कधी घालायची ते तर तुम्हाला लोकांना फार नेमकं कळतं. (निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो, हे ऐकवू नका. मतं मागायला दोन्हीकडचे एकाच जीपमधून येता.)

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या सत्कार समारंभात व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता: स्वतंत्र जेट्टी, दोन नव्या सिंगल, प्रशिक्षकांसाठी मोटरबोट. शाल, श्रीफळ, फ्लेक्स सगळं झालं. फ्लेक्सवर माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि आमदारांचा दरवाजाएवढा. जेट्टी झाली, हे मान्य करते. ती जेट स्कीवाल्या ठेकेदाराला दिली आहे. आता आम्ही सकाळी आठच्या आत पाण्यातून बाहेर यायचं, कारण आठनंतर पर्यटक येतात आणि त्यांच्या बोटींच्या लाटांनी आम्ही उलटतो. थांबायचं असेल तर माणशी प्रवेश फी भरायची. स्वतःच्या सरावाला तिकीट काढणारी मी देशातली पहिली खेळाडू असेन.

उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर तुम्ही लोक कोर्टापर्यंत भांडता. आमचं म्हणणं कुणी विचारत नाही. पाणी उतरलं की जेट्टी उघडी पडते आणि बोट डोक्यावर घेऊन गुडघाभर गाळातून पाण्यापर्यंत जावं लागतं. एकदा चप्पल गाळात रुतून राहिली ती राहिलीच. तसंच अनवाणी चिखलाच्या पायांनी बोटीत बसायचं आणि पुढचे दोन तास वल्हं मारायचं. हाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. आई रात्री हळद लावते. सकाळी पहिल्या पाच मिनिटांत ती हळद वल्ह्याच्या मुठीला लागते.

दत्तू भोकनळ आमच्याच जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला माणूस २०१६ मध्ये रिओला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. २०१८ मध्ये इंडोनेशियात पालेम्बांगला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर एशियाडचं सुवर्ण घेऊन आला. तुमच्या प्रत्येक भाषणात ते नाव असतं. पण त्यांच्या हातात वल्हं कुणी दिलं? लष्करानं. २०१२ मध्ये ते भरती झाले, मग पुण्यात रोइंग शिकले. राज्य सरकार विमानतळावर हार घेऊन आलं. हांगझोऊच्या एशियाडला रोइंगची पाच पदकं आली. बोटी पाहा, जवळजवळ सगळे गणवेशातले. पॅरिसला आपली एकच बोट गेली, बलराज पंवारची, तोही फौजी, तेविसावा आला. फौज नसती तर या देशात रोइंग म्हणून काही राहिलं असतं का?

आणि त्या पाच पदकांत एकही महिलांचं नाही. एशियाडमध्ये महिलांचं पदक म्हटलं की २०१० चं ग्वांगझूचं पेअरमधलं, म्हणजे दोघींच्या बोटीचं, कांस्य आठवावं लागतं. मुली कमी पडतात म्हणून? की गावच्या मुलीला फौजेची वाट अजून अरुंद आहे आणि दुसरी वाट तुम्ही केलीच नाही म्हणून?

माझं वजन ५८ किलो. लाइटवेटमध्ये, म्हणजे हलक्या वजनगटात, महिलांची मर्यादा ५९. वर्षानुवर्षं मी त्या मर्यादेत राहायला रात्रीची भाकरी सोडली, वजन काट्याच्या आधी स्वेटर घालून पळाले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून लाइटवेटच काढून टाकलंय. म्हणजे मी आता माझ्यापेक्षा पंधरा-वीस किलो जास्त वजनाच्या मुलींशी भिडायचं, त्यासाठी खाऊन अंग कमवायचं. अंडी, पनीर, प्रोटीन पावडर, हिशेब तुम्हीच करा. आमचा आहारभत्ता इतका तुटपुंजा की तो आकडा इथे लिहायला मलाच लाज वाटते, आणि तोही मार्चअखेर येतो. बिलं घाईघाईनं निघतात तेव्हा.

लाइटवेटच्या जागी बीच स्प्रिंट आलंय, समुद्रातल्या लाटांवरचं रोइंग. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा. परवा वाचलं की नव्यानं मोजला तर ८७७ भरला. मोजायला माणसं मिळाली, छान. त्या किनाऱ्यावर कोस्टल रोइंगच्या बोटी किती आहेत, तेही एकदा मोजा. त्याला एवढी माणसं लागणार नाहीत.

पुण्याची गत पाहा. सीओईपीचा बोट क्लब मुळेवर. १९२८ पासून तिथे रेगाटा, म्हणजे बोटींचा वार्षिक सोहळा, होते. आज त्या पाण्यात वल्हं घातलं की जलपर्णीचा गुंता वर येतो आणि वास असा की तोंड उघडून श्वास घ्यायची भीती वाटते. रोइंगमध्ये तोंड बंद ठेवून श्वास घेता येत नाही, महोदय. त्याच नदीच्या काठाला सुशोभित करायला ४,७०० कोटी म्हणे. थोडे कमी-जास्त असतील, माझा हिशेब तुमच्या कंत्राटदारांइतका पक्का नाही. काठावर बाक, दिवे, सेल्फी पॉइंट. पाण्याचं काय ते नंतर बघू. आमच्या धरणावरही तेच. पाणी बघायला येणाऱ्यांसाठी सगळं, पाण्यात उतरणाऱ्यांसाठी एमसील.

राष्ट्रीय स्पर्धेला जाताना स्कल, म्हणजे आमची वल्ही, रेल्वेनं न्यावी लागतात. एकेक जवळजवळ तीन मीटरचं. बर्थखाली मावत नाही, वरच्या बर्थवर तिरकं ठेवलं तर पुढच्या माणसाच्या डोक्याला लागतं. टीसी म्हणतो, सामान पार्सलला टाका. पार्सलला टाकलं तर पोचतं तेव्हा पातं तुटलेलं. मग रात्रभर मांडीवर घेऊन बसायचं आणि सकाळी हीट, म्हणजे पहिली फेरी, मारायची. हरलो की वर्तमानपत्रात येतं, "महाराष्ट्राची निराशा".

पदक जिंकलं तरी काय? खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला गावोगाव वर्गणी काढावी लागली, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. त्यानंतर ७२ वर्षांनी नेमबाज स्वप्नील कुसाळेनं महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, आणि बक्षिसाच्या रकमेसाठी त्याच्या वडिलांना पत्रकारांपुढे बोलावं लागलं. हरियाणा कांस्यपदकाला अडीच कोटी देतं. ऑलिंपिक पदकवीराच्या बापावर ही वेळ येते, मग माझ्या बापाचं कोण ऐकणार?

नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे म्हणता. आहे की! ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं दाखवून लोक साहेब झाले. मी खरं प्रमाणपत्र घेऊन गेले, तर पडताळणीवाले विचारतात, "रोइंग म्हणजे नेमकं काय हो, पोहणं का?"

मागण्या थोडक्यात लिहिते, कारण लांब अर्ज कुणी वाचत नाही. बोट दुरुस्तीला देऊन चालणार नाही, बदलून द्या. पहाटे पाच ते नऊ धरणाचं पाणी फक्त सरावासाठी ठेवा. शेडला कुलूप लावा आणि किल्ली केटररकडे नाही, प्रशिक्षकांकडे द्या. कबूल केलेली मोटरबोट द्या आणि तिला डिझेलही, म्हणजे सर काठावरच्या रस्त्यानं मोटरसायकल पळवत, खड्डे चुकवत, ओरडून स्ट्रोक रेट (मिनिटाला किती वल्ही मारायची) सांगणार नाहीत.

राष्ट्रीय निवड चाचणी तोंडावर आहे. तोवर मी दुसऱ्या मुलीच्या बोटीत, ती सराव संपवून बाहेर आली की अर्धा तास बसते. उत्तर लेखी द्या. "साहेबांनी विषय मनावर घेतलाय" असा पीएंचा फोन नको, तो गेल्या सत्कारानंतरही आला होता.

आपली,
नाशिक जिल्ह्यातली एक स्कलर