व्हिक्टोरिया ड्रमंड यांच्या पदकांविषयी मुलीस पत्र

वास्को, गोवा

चि. मैथिलीस अनेक शुभाशीर्वाद.

बाय, इंजिन रूममध्ये मुलींची सोय नाही, डेककडे (म्हणजे वरून बोट हाकणाऱ्या विभागाकडे) अर्ज करा, असे बोटकंपनीच्या त्या मुलाखतीत तुला सांगण्यात आले, हे आईकडून समजले. युद्धात बोटीच्या इंजिनियरला शौर्यपदक मिळते ते नेमके कशाबद्दल, कारण त्याला तर शत्रू दिसतही नाही, असेही तू तिला विचारलेस म्हणे. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे, आणि एकाच व्यक्तीविषयी लिहितो आहे.

व्हिक्टोरिया ड्रमंड यांचा जन्म १८९४ साली स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. राणी व्हिक्टोरिया त्यांची धर्ममाता होती आणि नावही तिचेच ठेवलेले. अशा घरातल्या मुलीने पर्थ गावच्या मोटार गॅरेजात उमेदवारी सुरू केली, पुढे डंडीच्या जहाजबांधणी कारखान्यात काम शिकून घेतले आणि १९२२ साली 'अँकायसिस' या बोटीवर ती दहावी इंजिनियर म्हणून रुजू झाली. चार वर्षांनी सेकंड इंजिनियरची, म्हणजे चीफच्या खालोखालच्या पदाची, परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. त्या आरमारातल्या नव्हेत, व्यापारी बोटींवरच्या; पण दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी असा भेद केला नाही.

२५ ऑगस्ट १९४० रोजी अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून सुमारे ४०० मैलांवर, 'बोनिता' या पनामाच्या निशाणाखालील बोटीवर एका विमानाने हल्ला चढवला. ड्रमंड तिच्यावर सेकंड इंजिनियर होत्या. पहिल्याच बॉम्बच्या हादऱ्याने त्या इंजिनच्या लिव्हरांवर आदळल्या. बॉयलरखोलीतल्या आणि इंजिन रूममधल्या माणसांकडून वेग वाढवण्यासाठी करण्यासारखे सर्व काही करून घेतल्यावर त्यांनी सगळ्यांना वर पाठवून दिले आणि स्वतः एकट्या खाली थांबल्या. पुढच्या एका हल्ल्यात डोक्यावरच्या पाइपचा जोड सैल होऊन कढत वाफ बाहेर येऊ लागली. आता इथे लक्ष दे. वाफेचा पूर्ण दाब असताना बोटीजवळ बॉम्ब फुटला, तर त्या हादऱ्याने सैल झालेला जोड पार निखळतो, आणि मग इंजिनही थांबते आणि खालचे माणूसही वाचत नाही. म्हणून विमानाचा आवाज अंगावर येतो आहे असे वाटताच त्या थ्रॉटल (इंजिनाला जाणारी वाफ कमीजास्त करण्याचा दांडा) ओढून वाफ कमी करीत, स्फोट होऊन गेला की पुन्हा वाढवीत. प्रत्येक हल्ल्याला हेच. खालून आकाश दिसत नाही. केवळ कानाने अंदाज घेऊन त्यांनी हे केले. एक हात उंच करून थ्रॉटल धरलेला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्या तेलाचा ओघळ, असे त्यांचे वर्णन त्यांच्या बोटीवरच्याच एका अधिकाऱ्याने केले आहे.

एरवी ९ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर न जाणारी ती बोट त्या दिवशी साडेबारा नॉटवर गेली. मी हिशेब करून पाहिला: वाढलेले साडेतीन नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ मीटर. बॉम्ब सुटल्यापासून पडेपर्यंत दहा सेकंद धरली, तरी बोट एरवीपेक्षा १८ मीटर जास्त पुढे निघून गेलेली असते. कॅप्टन बॉम्ब सुटताना पाहून सुकाणू वळवीत होता, आणि त्या वळवण्याला अर्थ होता तो खालून मिळणाऱ्या या १८ मीटरांमुळे. १९४१ साली ड्रमंड यांना एमबीई हा ब्रिटिश सरकारचा किताब आणि लॉइड्स या लंडनच्या विमासंस्थेचे सागरी शौर्याचे लॉइड्स वॉर मेडल मिळाले. हे दुसरे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. किताबाबरोबरच्या प्रशस्तीत त्या शूर होत्या एवढेच म्हटलेले नाही. पाइप, वाफ, कधी कमी केली आणि कधी वाढवली, हे सगळे त्यात नोंदवलेले आहे. जुवारी नदीवर खनिजाच्या बार्जींवर इंजिन चालवण्यात माझा जन्म गेला, आणि इंजिन रूममधल्या कामाची इतकी अचूक दखल घेणारे सरकारी लिखाण माझ्या तरी वाचनात दुसरे आलेले नाही.

आपल्याकडे अशी दखल कमीच. १९७१ सालच्या युद्धात आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलरांच्या ड्रमांना भेगा पडल्या होत्या आणि दाब मर्यादित ठेवूनच ते जहाज चालवावे लागत होते. त्याच जहाजावरून डिसेंबरात सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. त्या विमानांचे स्क्वाड्रन आपल्या दाबोळीचे, म्हणून वैमानिकांची नावे आपण शाळेपासून ऐकतो. ते बॉयलर ज्यांनी सांभाळले त्यांची नावे वास्कोत चार लोकांनाही सांगता येणार नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ड्रमंड यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चीड येते ती परीक्षेची. चीफ इंजिनियरच्या परीक्षेत ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्याने, त्यांना ३७ वेळा नापास केले. अखेर त्यांनी पनामाची परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र मिळवले आणि परक्या निशाणांच्या बोटींवर चीफ इंजिनियर म्हणून काम केले. १९६२ साली निवृत्त झाल्या तेव्हा पहिल्या बोटीवर रुजू होऊन त्यांना चाळीस वर्षे झाली होती. ३७ हा आकडा तुला धीर यावा म्हणून सांगत नाही. मुलाखत घेणारा चुकीचा असू शकतो, वर्षानुवर्षे चुकीचा असू शकतो, आणि तेवढ्याने तुझे काम कच्चे ठरत नाही, हे तुला ठाऊक असावे म्हणून सांगतो.

डेककडे अर्ज करू नकोस. दुसऱ्या कंपनीचा इंजिन केडेटचा (शिकाऊ इंजिनियरचा) अर्ज याच आठवड्यात भर, आणि अनुभवाच्या रकान्यात गेल्या पावसाळ्यात बार्ज बंद असताना माझ्याबरोबर केलेले ओव्हरहॉल लिही: पिस्टन काढणे, रिंगा बदलणे, इंजेक्टर तपासणे, जे तू स्वतःच्या हाताने केलेस तेवढेच. तारखा आणि इंजिनाचा तपशील माझ्या वहीत आहे. त्या पानांचे फोटो उद्या पाठवतो.

तुझे बाबा