मेलचाही चार्ज घ्या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘तुमचा अर्ज मॅडमच्या मेलवर आलाय, त्या रजेवर हैत.’ किनवट, सेनगाव, भूमकडून एसटीने मायग्रेशनसाठी (दुसऱ्या विद्यापीठात जाण्याच्या दाखल्यासाठी) आलेल्या पोराने मग करायचे काय? मॅडमचा मेल म्हणजे बहुतेकदा त्यांचे घरचे जीमेल. ‘एसी डॉट इन’चा अधिकृत पत्ता त्यांना मिळालेला असतो, पण तो उघडतो कोण?

उलट या अधिकृत पत्त्यावरून काय काय फिरते ते पाहावे. प्लॉट विकणे आहे, भाच्याच्या लग्नाला यायचे हं, पतसंस्थेच्या निवडणुकीत आमच्या पॅनलला मत द्या. ‘सर्वांना पाठवा’ दाबले की प्राध्यापकापासून शिपायापर्यंत साऱ्यांचा इनबॉक्स भरतो, आणि त्या गर्दीत परीक्षा विभागाचे तातडीचे परिपत्रक बुडून जाते. विद्यापीठाच्या लेटरहेडवर कुणी प्लॉटची जाहिरात छापली तर मेमो निघेल. मेलला मात्र सगळे माफ.

माझा खरा आक्षेप प्लॉटवर नाही, घरच्या जीमेलवर आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 2(च) मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येतच ई-मेल येतो. गुणपडताळणीचा निर्णय, खरेदीची चर्चा, चौकशीचा पत्रव्यवहार कुणाच्या खासगी खात्यात पडून असेल तर अर्जदाराला ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हेच उत्तर मिळणार. केंद्र सरकारने 2015 मध्ये ई-मेल धोरण काढून शासकीय पत्रव्यवहार शासकीय सेवेवरूनच करा, असे आपल्या कार्यालयांना बजावले. राज्यातल्या विद्यापीठांना असा नियम स्वतःसाठी करायला कुणी अडवले आहे? शिवाय विद्यार्थ्यांच्या आधारच्या प्रती, जातीचे दाखले, बँक पासबुके आज कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहेत, हे कुलसचिवांनाही सांगता येणार नाही.

पासवर्डचे तर विचारूच नका. साहेबांचा मेल साहेब सोडून सारा विभाग उघडतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ग (66सी) खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवल्यावर लबाड कोण आणि मदतनीस कोण, हे ठरवायचे कसे?

नियम करताना एक पथ्य मात्र पाळावे. मुलाच्या शाळेला दोन ओळी पाठवल्या म्हणून कुणाला नोटीस नको, आणि संघटनेत बोलतो म्हणून कुणाचा मेल चाळणेही नको. तपासायचाच असेल तर कोणाच्या लेखी आदेशाने आणि कोणत्या कारणासाठी, हे आधीच लिहिलेले असावे. आमच्याकडे नियम बहुधा नावडत्या माणसासाठीच कपाटातून बाहेर येतात.

पत्ते माणसांच्या नावाऐवजी पदाच्या नावाने द्यावेत: कक्ष अधिकारी, पात्रता विभाग, अधीक्षक, शिष्यवृत्ती. बदली झाली, रजा आली तरी अर्ज त्या टेबलावरच राहील. निवृत्त होणाऱ्याकडून आपण कपाटाच्या किल्ल्या, डेडस्टॉक (टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ वस्तू), शिक्के असा सगळा चार्ज सही घेऊन लिहून घेतो. त्याच यादीत मेल खात्याची एक ओळ वाढवावी आणि ती भरल्याशिवाय ना-देय (काही येणे बाकी नाही असे) प्रमाणपत्र देऊ नये. यासाठी वेगळा निधी लागत नाही, कुलसचिवांच्या सहीचे एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक निवृत्त कक्ष अधिकारी, सेलू (जि. परभणी)