झोपेची तयारी आधी, तपासणी नंतर

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला लिनक्सच्या ड्रायव्हर (कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, डिव्हाइस चालवणारा कोड) प्रोग्रामिंगवरचा लेख वाचला. मराठीत असं काही येतंय ह्याचा आनंदच आहे, पण त्यात 'बफर रिकामा असेल तर झोपा, इंटरप्ट आला की हँडलर उठवेल' (म्हणजे डेटा ठेवायची तात्पुरती जागा रिकामी असेल तर प्रोग्रामने थांबायचं, डिव्हाइसने हाक मारली की ती हाक घेणारा कोड त्याला उठवेल) असं सहज सांगून टाकलंय आणि सगळी भानगड नेमकी त्याच ओळीत आहे.

सिरियल पोर्टचं घ्या. प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) बघितलं, बफर रिकामा. आता ती झोपणार, तेवढ्यात इंटरप्ट आला, हँडलरने बाइट बफरमध्ये टाकला, वेकअप मारला, पण वेट क्यूवर (उठवायच्यांच्या रांगेत) अजून कोणी नाहीच त्यामुळे तो तसाच परत गेला, आणि मग ही बाई शांतपणे झोपली. गजर वाजून गेल्यावर आडवं व्हायचा प्रकार. गंमत म्हणजे कोणी कीबोर्डवर टाइप करत असेल तर पुढच्या अक्षराला जाग येते, म्हणून वाटतं जरा लॅग आहे. पण डिव्हाइस एक उत्तर देऊन पुढच्या कमांडची वाट बघत बसणारं असेल तर दोघंही एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात.

मग इंटरप्ट बंद करून टाका, असं लेखकाने सुचवलंय. अहो, ते एका सीपीयूच्या जमान्यात खपलं. आता लोकल (आपल्याच कोअरवरचे) इंटरप्ट बंद केले तरी हँडलर दुसऱ्या कोअरवर चालतोच की. आणि स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच गरगरत वाट बघायला लावणारं कुलूप) धरून झोपलात तर कर्नल 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' (झोपायला मनाई असताना झोपताय) म्हणून बोंब मारतो, मारायलाच हवी.

खरी युक्ती क्रमात आहे. आधी स्वतःला वेट क्यूवर टाका, स्टेट टास्क_इंटरप्टिबल (म्हणजे 'झोपतोय, सिग्नलनेही उठेन') करा, मग बफर तपासा, तरीही रिकामा असेल तरच शेड्यूल() (सीपीयू दुसऱ्याला देणारं फंक्शन) बोलवा. मधे इंटरप्ट आलाच तर वेकअप स्टेट परत रनिंग करतो आणि शेड्यूल() तुम्हाला झोपवत नाही. सेट_करंट_स्टेट मध्ये मेमरी बॅरियर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलू न देणारा अडसर) असतो तो ह्याचसाठी, नाहीतर प्रोसेसर बफर आधी वाचेल आणि स्टेट नंतर लिहील, म्हणजे पुन्हा तेच. हे सगळं हाताने लिहायचीही गरज नाही, वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल मॅक्रो हेच करतो, वर लूपमध्ये कंडिशन परत तपासतो. फक्त त्याची रिटर्न व्हॅल्यू बघा, सिग्नलने (प्रोसेसला बाहेरून आलेल्या सूचनेने) जाग आली तर डेटा आलेला नसतो. बफरचे पॉइंटर हँडलर पण हलवतो, त्यामुळे प्रोसेसच्या बाजूने ते बदलताना स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हच (लोकल इंटरप्टही बंद करणारा स्पिनलॉक) घ्या, साधा स्पिनलॉक घेतलात आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर हँडलर तिथेच गरगरत राहील.

सगळ्यात राग कशाचा येतो सांगू, लेखात दिलेलं इंटरप्टिबल_स्लीप_ऑन हे फंक्शनच लिनक्समधून २०१४ मध्ये ३.१५ व्हर्जनला काढून टाकलंय, ह्याच रेसमुळे (कोण आधी पोचतो ह्यावर निकाल ठरायच्या भानगडीमुळे) ते सुरक्षितपणे वापरणं जवळपास अशक्य होतं म्हणून! तरी कॉलेजांच्या लॅब मॅन्युअलमधून ते अजून फिरतंय आणि पोरं व्हायवाला पाठ करून येतात, कंपाइल कोणी करून बघत नाही.

पुढच्या भागात दुरुस्त कोड छापा ही विनंती. आणि शिक्षकांना रेस दाखवायची असेल तर तपासणी आणि झोप ह्यांच्या मधे मुद्दाम एमडिले(५००) (५०० मिलिसेकंद थांबवणारं फंक्शन) टाकून पोरांना त्या अर्ध्या सेकंदात एक बाइट पाठवायला सांगा, रीड लगेच अडकेल.

– एक वाचक, पुणे